अमेरिकेतील स्थलांतर-अंमलबजावणी आणि विनियोजनाचा राजकीय संघर्ष (१८८२ ते २०२५) : एक ऐतिहासिक अभ्यास

सारांश

शासनाच्या तिजोरीवर लोकनियुक्त सभागृहाचे नियंत्रण असणे हे लोकशाहीचे मूलतत्त्व मानले जाते. अमेरिकेत हे नियंत्रण काँग्रेसकडे आहे. स्थलांतरविषयक कायद्यांच्या अंमलबजावणीवरून गेल्या काही दशकांत काँग्रेस आणि राष्ट्राध्यक्ष यांच्यात जे संघर्ष झाले, त्यांत निधी अडवून धरणे हे प्रमुख शस्त्र ठरले. या शस्त्राने प्रत्यक्षात काय साधले, याचा शोध प्रस्तुत निबंधात घेतला आहे. निधी रोखल्याने अंमलबजावणी यंत्रणा क्वचितच थांबली. तिच्याभोवतीची न्यायदानाची व सेवेची यंत्रणा मात्र थांबली, असे या इतिहासावरून दिसून येते.

बीजसंज्ञा : विनियोजन, टाळेबंदी, स्थलांतर-अंमलबजावणी, सीमा गस्ती दल, शुल्काधारित निधी, सत्ताविभाजन.

प्रस्तावना

अमेरिकेच्या राज्यघटनेच्या पहिल्या अनुच्छेदातील नवव्या कलमानुसार, कायद्याने केलेल्या विनियोजनाशिवाय तिजोरीतून पैसा काढता येत नाही. भारतीय राज्यघटनेच्या अनुच्छेद ११४ मध्येही याच आशयाची तरतूद आहे. परंतु दोन्ही व्यवस्थांत एक मूलभूत फरक आहे. भारतात मंत्रिमंडळ लोकसभेला जबाबदार असते. अर्थविषयक प्रस्तावावर पराभव झाल्यास सरकार राजीनामा देते आणि अर्थसंकल्प मंजूर होण्यास विलंब होणार असेल तर लेखानुदानाचा मार्ग उपलब्ध असतो. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष आणि काँग्रेस स्वतंत्रपणे निवडले जातात. दोघांत मतभेद झाल्यास कोणीही पदावरून जात नाही. विनियोजन रखडते आणि शासनाचा कारभार अंशतः बंद पडतो. यालाच तेथे ‘शटडाऊन’ म्हणतात. प्रस्तुत निबंधात त्यासाठी ‘टाळेबंदी’ हा शब्द योजला आहे.

स्थलांतर हा विषय या वादाच्या केंद्रस्थानी येण्याचे कारण उघड आहे. अमेरिकेत मूळ स्थलांतर कायद्यात व्यापक सुधारणा करणे राजकीयदृष्ट्या अत्यंत कठीण झाले आहे. विनियोजनाचा कायदा मात्र दरवर्षी करावाच लागतो. त्यामुळे जो प्रश्न मूळ कायद्यात सुटत नाही, तो विनियोजनाच्या दारातून पुन्हा सभागृहात येतो.

अभ्यासाची उद्दिष्टे

१. स्थलांतर-अंमलबजावणीच्या खर्चाचे स्रोत कसे बदलत गेले, याचा आढावा घेणे.
२. २०१५, २०१८ आणि २०१८-१९ या तीन निधीसंघर्षांची कारणे व परिणाम तपासणे.
३. निधीमंजुरीचा अधिकार अंमलबजावणीवर कितपत अंकुश ठेवू शकला, याचे मूल्यमापन करणे.

गृहीतक

अंमलबजावणीचा पैसा वार्षिक विनियोजनाबाहेरून जितका अधिक येतो, तितके काँग्रेसचे तिच्यावरील नियंत्रण क्षीण होते.

अभ्यासाची व्याप्ती व पद्धती

निबंधाची कालमर्यादा १८८२ ते २०२५ अशी आहे. ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून विवेचन संघराज्य शासनापुरते मर्यादित आहे. घटकराज्यांच्या स्थलांतरविषयक कायद्यांचा विचार येथे केलेला नाही.

विषय विवेचन

१) डोईपट्टीपासून वार्षिक विनियोजनापर्यंत

स्थलांतराचे नियमन संघराज्य शासनाने आपल्या हाती घेतले, तेव्हा त्याचा खर्च स्थलांतरितांकडूनच वसूल करण्यात आला. १८८२ च्या स्थलांतर कायद्याने बंदरावर उतरणाऱ्या प्रत्येक परकीय प्रवाशामागे ५० सेंट डोईपट्टी बसवली. या पट्टीतून स्वतंत्र निधी उभा राहिला आणि येणाऱ्यांची तपासणी त्याच पैशातून होऊ लागली. १९०९ मध्ये या निधीची जागा वार्षिक विनियोजनाने घेतली. म्हणजेच स्थलांतर खात्याला दरवर्षी काँग्रेससमोर हात पसरावा लागेल, अशी व्यवस्था निर्माण झाली.

सीमा गस्ती दलाचा जन्मही विनियोजनातूनच झाला, ही बाब लक्षणीय आहे. राष्ट्रीयत्वानुसार कोटा ठरवणारा स्थलांतर कायदा २६ मे १९२४ रोजी संमत झाला. त्यानंतर दोनच दिवसांनी, २८ मे रोजी, श्रम खात्याच्या विनियोजन कायद्यात सीमेवरील गस्तीसाठी १० लाख डॉलरची तरतूद करण्यात आली आणि त्या आधारे हे दल उभे राहिले. दलाच्या स्थापनेसाठी स्वतंत्र कायदा नव्हता. खर्चाच्या तरतुदीतील नोंद हाच त्याचा पाया होता. जे दल खर्चाच्या तरतुदीने निर्माण झाले, त्याला खर्चाच्या तरतुदीनेच आवर घालता येईल, असा समज पुढील काळात रूढ होणे स्वाभाविक होते.

२) विनियोजन कायद्याच्या पोटातील स्थलांतर धोरण

मेक्सिकन शेतमजुरांना तात्पुरता प्रवेश देणारी ब्रासेरो योजना १९६४ मध्ये संपली आणि १९६५ च्या कायद्याने पश्चिम गोलार्धातून होणाऱ्या स्थलांतरावर प्रथमच संख्यात्मक मर्यादा आणली. मजुरांची गरज कायम राहिली, मात्र येण्याचे वैध मार्ग आक्रसले. त्यातून अनधिकृत स्थलांतराचा प्रश्न तीव्र झाला. १९८६ च्या कायद्याने सुमारे २७ लाख लोकांना वैध दर्जा मिळाला. त्यानंतर मात्र त्या प्रमाणावर नियमितीकरण करणारा कायदा पुन्हा होऊ शकला नाही. उलट, १९९६ चा कठोर स्थलांतर कायदा एका एकत्रित विनियोजन कायद्याचा भाग म्हणून संमत झाला. वित्तीय वर्षाच्या अखेरच्या दिवशी, ३० सप्टेंबर १९९६ रोजी, राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी त्यावर स्वाक्षरी केली. अवैध वास्तव्य एक वर्ष वा त्याहून अधिक असल्यास देश सोडल्यानंतर दहा वर्षे प्रवेशबंदी, ही त्यातील तरतूद आजही असंख्य कुटुंबांच्या जीवनावर परिणाम करते. इतका दूरगामी कायदा खर्चाच्या विधेयकाच्या पोटात संमत व्हावा, यातून विनियोजन प्रक्रियेचे बदललेले स्वरूप स्पष्ट होते.

११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर जुने स्थलांतर खाते मोडीत काढून त्याचे काम २००३ पासून नव्या अंतर्गत सुरक्षा खात्याकडे सोपवण्यात आले. या खात्यात तीन स्वतंत्र यंत्रणा आल्या : सीमेसाठी सीबीपी, देशांतर्गत अटक व हद्दपारीसाठी आयसीई, आणि नागरिकत्व व व्हिसाविषयक अर्जांसाठी यूएससीआयएस. सीमा गस्ती दलाचे संख्याबळ १९९३ मध्ये सुमारे ४ हजार होते. २०११ मध्ये ते २१ हजारांवर गेले. मायग्रेशन पॉलिसी इन्स्टिट्यूटच्या २०१३ मधील अहवालानुसार, २०१२ या वित्तीय वर्षात स्थलांतर-अंमलबजावणीवरील संघराज्याचा खर्च सुमारे १८ अब्ज डॉलर होता. एफबीआयसह अन्य सर्व प्रमुख संघीय पोलीस यंत्रणांच्या एकत्रित खर्चाहूनही तो अधिक होता.

काँग्रेसने विनियोजनाद्वारे केवळ पैसा दिला नाही, तर अंमलबजावणीचे प्रमाणही ठरवून दिले. २०१० च्या वित्तीय वर्षाच्या विनियोजन कायद्यात आयसीईने किमान ३३,४०० स्थानबद्धता-खाटा राखाव्यात अशी अट होती. सिनेटर रॉबर्ट बर्ड यांच्या पुढाकाराने आलेली ही अट पुढे ३४,००० खाटांवर गेली आणि २०१७ मध्ये वगळली गेली. तिजोरीची किल्ली केवळ खर्च रोखण्यासाठी वापरली जाते हा समज येथे अपुरा ठरतो. माणसे डांबण्याची क्षमता वाढवण्यासाठीही तीच किल्ली वापरली गेली.

३) शुल्काचे पुनरागमन आणि भारतीय संदर्भ

१९०९ मध्ये मागे पडलेली शुल्काधारित व्यवस्था विसाव्या शतकाच्या अखेरीस परतली. १९८८ मध्ये स्थलांतरविषयक अर्जांच्या शुल्काचे स्वतंत्र खाते निर्माण झाले. आज यूएससीआयएसचा जवळपास सर्व खर्च अर्जदारांच्या शुल्कातून भागतो.

या प्रवृत्तीचा भारताशी थेट संबंध १३ ऑगस्ट २०१० च्या सीमासुरक्षा पूरक विनियोजन कायद्यात दिसतो. दक्षिण सीमेवर सुमारे १,५०० नवीन कर्मचारी व अन्य साधने यांसाठी त्यात ६० कोटी डॉलर मंजूर झाले. हा भार उचलण्यासाठी ज्या कंपन्यांचे अमेरिकेत किमान ५० कर्मचारी आहेत व त्यांपैकी निम्म्याहून अधिक एच-१बी किंवा एल-१ व्हिसावर आहेत, त्यांच्यावर जादा शुल्क बसवण्यात आले. ते एच-१बीसाठी २,००० व एल-१साठी २,२५० डॉलर होते. ही अट प्रामुख्याने भारतीय माहिती-तंत्रज्ञान कंपन्यांनाच लागू पडणारी होती. डिसेंबर २०१५ च्या एकत्रित विनियोजन कायद्याने हे शुल्क अनुक्रमे ४,००० व ४,५०० डॉलर केले आणि मार्च २०१६ मध्ये भारताने या शुल्कवाढीविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेकडे दाद मागितली. मेक्सिकोच्या सीमेवरील गस्तीचा खर्च पुणे, बंगळूर व हैदराबाद येथून अभियंते पाठवणाऱ्या कंपन्यांकडून वसूल व्हावा, हा १८८२ च्या डोईपट्टीचाच नवा अवतार होता. ज्यांना अमेरिकेत मतदानाचा अधिकार नाही त्यांच्यावर भार टाकणे कोणत्याही पक्षाला राजकीयदृष्ट्या सोयीचे होते.

४) टाळेबंदीचा कायदेशीर पाया

विनियोजनाशिवाय खर्च करण्यास मनाई करणारा कायदा एकोणिसाव्या शतकापासून अस्तित्वात आहे. तथापि, १९८० पर्यंत विनियोजनात खंड पडला तरी खाती आपले काम चालूच ठेवत. महान्यायवादी बेंजामिन सिव्हिलेट्टी यांनी १९८० मध्ये असे मत दिले की, विनियोजन नसल्यास काम थांबवणे बंधनकारक आहे. जानेवारी १९८१ मधील दुसऱ्या मतात त्यांनी मानवी जीविताची सुरक्षा व मालमत्तेचे रक्षण यांसाठीच्या कामांचा अपवाद स्पष्ट केला.

पुढील सर्व संघर्षांचे फलित या अपवादात दडलेले आहे. सीमारक्षक आणि आयसीईचे अधिकारी ‘अत्यावश्यक’ ठरतात. २०१३ च्या टाळेबंदीत अंतर्गत सुरक्षा खात्याचे सुमारे ८५ टक्के कर्मचारी कामावर राहिले. निधी रोखला तरी अटक थांबत नाही. अटक करणाऱ्याचा पगार तेवढा थांबतो.

५) २०१५ व २०१८ : दोन पक्ष, एकच अनुभव

२० नोव्हेंबर २०१४ रोजी राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांनी अमेरिकन नागरिक वा कायम रहिवासी मुलांच्या अनधिकृत पालकांना हद्दपारीपासून तात्पुरते संरक्षण देणारी योजना जाहीर केली. रिपब्लिकन पक्षाने ती रोखण्यासाठी निधीचा मार्ग निवडला. डिसेंबर २०१४ मध्ये उर्वरित शासनाला सप्टेंबर २०१५ पर्यंत निधी देण्यात आला. अंतर्गत सुरक्षा खात्याला मात्र केवळ २७ फेब्रुवारी २०१५ पर्यंत. या व्यूहरचनेतील उणीव आरंभीच उघड झाली होती. योजना राबवणारी यूएससीआयएस शुल्कावर चालत असल्याने वार्षिक विनियोजनातून तिचा पैसा तोडता येत नाही, असे प्रतिनिधिगृहाच्या विनियोजन समितीनेच नोव्हेंबर २०१४ मध्ये स्पष्ट केले होते. समितीचे अध्यक्ष हॅल रॉजर्स हे स्वतः रिपब्लिकन होते. खात्याचा निधी खंडित झाला असता तर सीमारक्षक विनावेतन राबले असते आणि विरोध ज्या योजनेला होता तिचे कार्यालय चालूच राहिले असते. अखेर ३ मार्च २०१५ रोजी प्रतिनिधिगृहाने २५७ विरुद्ध १६७ मतांनी विनाअट विनियोजन संमत केले. योजना थांबली ती टेक्सासमधील संघीय न्यायाधीश अँड्र्यू हॅनेन यांच्या १६ फेब्रुवारीच्या आदेशामुळे. जून २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ४-४ अशी समसमान मते पडल्याने तो आदेश कायम राहिला.

तीन वर्षांनी भूमिकांची अदलाबदल झाली. बालपणी अमेरिकेत आलेल्यांना संरक्षण देणारी डीएसीए योजना ट्रम्प प्रशासनाने ५ सप्टेंबर २०१७ रोजी रद्द करण्याची घोषणा केली. तिला कायद्याचे रूप मिळावे म्हणून सिनेटमधील डेमोक्रॅट सदस्यांनी निधीविधेयक अडवले आणि २० ते २२ जानेवारी २०१८ अशी तीन दिवसांची टाळेबंदी झाली. चर्चेच्या आश्वासनावर ती मागे घेण्यात आली. फेब्रुवारीत सिनेटपुढे आलेल्या चारही प्रस्तावांना आवश्यक ६० मते मिळाली नाहीत. डीएसीए टिकली, परंतु तीही न्यायालयीन आदेशांमुळे आणि १८ जून २०२० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयामुळे. या दोन्ही प्रसंगी निधीच्या शस्त्राने निर्णय झाला नाही. निर्णय न्यायालयांनी केला.

६) २०१८-१९ ची पस्तीस दिवसांची टाळेबंदी

राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी सीमेवरील भिंतीसाठी ५.७ अब्ज डॉलरची मागणी केली. सिनेटने भिंतीच्या निधीविना अल्पकालीन विनियोजन आवाजी मतदानाने संमत केले होते. प्रतिनिधिगृहाने त्यात भिंतीची रक्कम घातली आणि कोंडी झाली. २२ डिसेंबर २०१८ ते २५ जानेवारी २०१९ अशी ३५ दिवसांची अंशतः टाळेबंदी झाली. नऊ खात्यांतील सुमारे ८ लाख कर्मचाऱ्यांचे वेतन अडकले. त्यांपैकी निम्म्याहून अधिक लोक विनावेतन काम करत होते. ३ जानेवारीला प्रतिनिधिगृहात डेमोक्रॅट पक्षाचे बहुमत आले व सभापती नॅन्सी पेलोसी यांनी भिंतीला निधी देण्यास नकार दिला.

या काळात काय चालू होते आणि काय बंद होते, हे पाहणे उद्बोधक आहे. सीमा गस्ती चालू होती. बंद होती ती कर्मचाऱ्यांच्या कामाच्या पात्रतेची पडताळणी करणारी ‘ई-व्हेरिफाय’ ही संगणकीय सेवा. म्हणजे अनधिकृत रोजगार रोखणारे साधनच ठप्प झाले. स्थानबद्ध नसलेल्या स्थलांतरितांच्या न्यायालयीन सुनावण्याही बंद होत्या. सुमारे ८ लाख खटले आधीच प्रलंबित असताना ४० हजारांहून अधिक सुनावण्या रद्द झाल्या. ज्याला आश्रय मिळण्यासारखी बाजू होती त्याची प्रतीक्षा वाढली. ज्याच्या हद्दपारीचा आदेश निघू शकत होता त्याचाही निर्णय लांबला. कठोर अंमलबजावणीचा आग्रह धरणाऱ्यांना किंवा स्थलांतरितांच्या हक्कांचे रक्षण करू पाहणाऱ्यांना, कोणालाही यातून लाभ झाला नाही. काँग्रेसच्या अर्थसंकल्प कार्यालयाने एकूण उत्पादनाचे नुकसान ११ अब्ज डॉलर आणि त्यांपैकी ३ अब्ज कायमचे बुडाले असा अंदाज वर्तवला.

१५ फेब्रुवारी २०१९ च्या तडजोडीत भिंतीसारख्या अडथळ्यांसाठी १.३७५ अब्ज डॉलर मिळाले. त्याच दिवशी राष्ट्राध्यक्षांनी राष्ट्रीय आणीबाणी घोषित केली आणि लष्करी बांधकामाचे ३.६ अब्ज डॉलर सीमेकडे वळवण्याचा मार्ग मोकळा केला. त्यासाठी १२७ लष्करी प्रकल्प लांबणीवर टाकण्यात आले. आणीबाणी संपवणारा ठराव दोन्ही सभागृहांनी संमत केला, परंतु त्यावर नकाराधिकार वापरण्यात आला. स्थानबद्धतेच्या खाटांबाबतही हेच घडले. विनियोजनात सरासरी सुमारे ४५ हजार खाटांचीच तरतूद असताना प्रत्यक्ष संख्या ५० हजारांवर गेली. ऑगस्ट २०१९ मध्ये खात्याने अन्य कामांचे २७.१ कोटी डॉलर याकडे वळवले, त्यांपैकी १५.५ कोटी आपत्तीनिवारण निधीतील होते. पस्तीस दिवसांच्या संघर्षानंतर काँग्रेसने आखलेली मर्यादा काही महिन्यांतच निष्प्रभ झाली.

७) २०२५ : वार्षिक नियंत्रणाबाहेर

४ जुलै २०२५ च्या व्यापक अर्थविषयक कायद्याने या प्रवासाचा पुढचा टप्पा गाठला. सिनेटमध्ये ६० ऐवजी साध्या बहुमताने संमत होऊ शकणाऱ्या विशेष प्रक्रियेचा त्यासाठी वापर झाला. सिनेटमध्ये ५०-५० मते पडल्यानंतर उपराष्ट्राध्यक्षांच्या निर्णायक मताने तो तरला. सीमा व स्थलांतर-अंमलबजावणीसाठी त्यात सुमारे १७० अब्ज डॉलरची तरतूद आहे. त्यांतील सुमारे ४५ अब्ज स्थानबद्धतेसाठी, ४६ अब्जांहून अधिक भिंतीसाठी आणि जवळपास ३० अब्ज आयसीईच्या अटक व हद्दपारीच्या कामासाठी आहेत. यातील बहुतांश रक्कम सप्टेंबर २०२९ पर्यंत वापरता येते. याच कायद्याने आश्रयाच्या अर्जावर प्रथमच शुल्क बसवले आणि प्रलंबित खटले ३५ लाखांच्या आसपास असताना स्थलांतर न्यायाधीशांची संख्या नोव्हेंबर २०२८ पासून ८०० पर्यंत मर्यादित केली. अटकेसाठी मुक्तहस्ते पैसा आणि निवाड्यासाठी संख्येचे बंधन, अशी ही विषम मांडणी आहे.

तिचा प्रत्यय लगेच आला. १ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर २०२५ या ४३ दिवसांच्या टाळेबंदीचे मुख्य कारण आरोग्यविम्याची अनुदाने हे होते. या काळात विमानवाहतूक नियंत्रक विनावेतन काम करत असताना स्थलांतर-अंमलबजावणीच्या अधिकाऱ्यांचे वेतन जुलैच्या कायद्यातील निधीतून देण्यात आले. दुसरीकडे, श्रम खात्याचे कामकाज थांबल्याने एच-१बीच्या नव्या अर्जांपूर्वी लागणारे श्रमविषयक प्रमाणपत्र ऑक्टोबरमध्ये मिळेनासे झाले. कायदेशीर मार्गाने जाऊ इच्छिणाऱ्या अभियंत्याचा अर्ज अडला. हद्दपारीची यंत्रणा मात्र सुरळीत चालू राहिली. महाराष्ट्रातील अनेक कुटुंबांना अमेरिकन टाळेबंदीचा अनुभव येतो तो याच मार्गाने.

निष्कर्ष

१. स्थलांतर-अंमलबजावणीचा निधी डोईपट्टी, वार्षिक विनियोजन, पुन्हा शुल्क आणि शेवटी बहुवार्षिक ठोक तरतूद अशा क्रमाने बदलत गेला. या क्रमात काँग्रेसचे वार्षिक नियंत्रण सैल होत गेले. यावरून प्रस्तुत निबंधाचे गृहीतक सिद्ध होते.
२. २०१५ मध्ये रिपब्लिकन, २०१८ मध्ये डेमोक्रॅट आणि २०१८-१९ मध्ये राष्ट्राध्यक्ष, अशा तिघांनी निधी अडवण्याचा प्रयोग केला. एकालाही अपेक्षित धोरण त्या मार्गाने मिळाले नाही.
३. ‘अत्यावश्यक सेवा’ या अपवादामुळे टाळेबंदीत अटक व गस्त चालू राहते, तर सुनावणी, पडताळणी आणि वैध परवान्यांचे काम थांबते. टाळेबंदीचा भार कायद्याची वाट धरणाऱ्यांवर व कनिष्ठ कर्मचाऱ्यांवर पडतो.
४. शुल्क आणि आणीबाणी यांच्या आधारे उभा राहणारा पैसा सभागृहाच्या चर्चेतून सुटतो. शुल्क भरणारा परकीय असल्याने त्याची बाजू मांडणारा मतदारही नसतो.
५. तिजोरीवरील नियंत्रणाला अर्थ असतो तो दरवर्षी पुन्हा प्रश्न विचारण्याच्या संधीमुळे. अनेक वर्षांचा पैसा एकदाच देणारे सभागृह ती संधी स्वतःच्या हाताने सोडून देते. पुढील काळात बहुमत बदलले तरी आधी दिलेला निधी परत घेण्यासाठी नवा कायदा करावा लागतो आणि त्यावर राष्ट्राध्यक्षांचा नकाराधिकार असतो.

सारांश, खर्चाची मंजुरी हे धोरणाचे साधन आहे; ती धोरणाची जागा घेऊ शकत नाही. स्थलांतराचा मूळ कायदा करण्याचे काम काँग्रेस दीर्घकाळ टाळत आली आणि त्या अपयशाची किंमत विनियोजनाच्या प्रत्येक हंगामात चुकवली गेली. ज्या राष्ट्रांत संसदेचे वित्तीय नियंत्रण हा लोकशाहीचा आधार मानला जातो, त्या सर्वांना या इतिहासातून घेण्याजोगा बोध आहे. भारतही त्याला अपवाद नाही.